कवठ्याच्या मैदानात खर्ज

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे गाव ओळखलं जातं येमाईच्या देवळामुळे आणि तमाशामुळे. बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. १९४७ साली जन्मलेल्या या कवीने तमाशा फडांसाठी लावण्या, गवळणी आणि वग लिहिले. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य सरकारचा २०१८ सालचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. गावाच्या वरच्या अंगाला नारायणगाव, जिथे यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात. खालच्या अंगाला दौंड तालुक्यातलं चौफुला, जिथल्या कला केंद्रांत संगीतबारी चालते. या पट्ट्यात सूर आणि ताल यांबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण.

म्हणूनच एका परक्या वाद्याचा वाद मी इथे आणून बसवतो आहे. इलेक्ट्रिक अपराइट बेस म्हणजे पोट काढून टाकलेला डबल बेस. मान तीच, तारा त्याच, तारेची वाजती लांबीही तीच, सुमारे १०५ सेंटिमीटर. फक्त पोकळ पेटी नाही. भरीव लाकडाचा एक दांडा तिपाईवर उभा, घोडीत पिएझो पिकअप आणि तिथून निघणारी वायर. बोटाने छेडून हे वाद्य वाजवणारे पुष्कळ आहेत. गजाने वाजवायला गेलं की मात्र डबल बेसवर कमावलेला हात गोंधळतो.

पुढे बोलणारे दोघे मी उभे केले आहेत. मामांनी उमेदीची वर्षं पुण्यात ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं आणि आता ते कवठ्यात शेती बघतात. भाची डबल बेस शिकलेली, सध्या लावणीच्या एका संचात हा इलेक्ट्रिक बेस घेऊन उभी राहते. दोघांचीही मतं माझ्याच मनात नांदतात, आणि ती मोकळेपणी भांडावीत म्हणून मी त्यांना नात्यात बसवलं. परकी माणसं एकमेकांचा मान राखण्यातच वेळ घालवतात.

मामा : याची पेटी कुठाय?

भाची : पेटी नाहीच. आवाज स्पीकरमधून येतो.

मामा : छेडणार असशील तर माझं काही म्हणणं नाही. छेडलं की तार आपली आपण वाजते, हाताचं काम तिथं संपतं. गजाचं तसं नाही. सूर चालू आहे तोवर हात तारेत असतो. हाताला सारखं कळावं लागतं, आवाज कसा लागतोय, कुठं चिरकतोय. ते कळवतं लाकूड. व्हायोलिन माझ्या जबड्याच्या हाडात वाजायचं, तुझा डबल बेस तुझ्या कमरेला टेकून वाजतो. इथं तो तिपाईवर तिकडं उभा आणि तू इकडं. गज ओढलास की सगळा दांडाच फिरतोय बघ. कशाच्या आधारावर वाजवणार?

भाची : दांडा फिरतो, खरं आहे. म्हणून मी डावा गुडघा मागे लावते. काही बेसना त्यासाठी आडवी पट्टीच बसवलेली असते. पण लाकडाबद्दल तुम्ही म्हणता त्याची दुसरी बाजू आहे. लाकूड शिकवतं तसं ते खातंही.

मामा : काय खातं?

भाची : गजाची ताकद. डबल बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा हलते. दर वेळी ती गजाला चिकटून थोडी ओढली जाते, मग सुटते, परत चिकटते. ही चिकटण्या-सुटण्याची चाल हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिली. आपल्या सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९१८ साली त्यांचा मोठा ग्रंथच निघाला, गजाने वाजणाऱ्या तारांवर. पुढे त्यांनी यंत्राने व्हायोलिन वाजवून मोजलं की सूर नीट लागायला गजाचा कमीत कमी दाब किती हवा. जिथे पेटी जोरात घुमते, नेमक्या त्या सुरांना जास्त दाब लागतो असं दिसलं. म्हणजे पेटी तारेतून जितकी शक्ती ओढून घेते, तितकी हाताला भर घालावी लागते.

मामा : घुमणाऱ्या सुराला हात जड करावा लागतो हे मला रामनसाहेबांनी सांगायला नको. व्हायोलिनवर एखादा सूर असा असतो की तिथं गज जरा हलका पडला की आवाज कापतो.

भाची : हो, तोच. इंग्रज त्याला लांडगा म्हणतात. इथे तो नाही, कारण घुमायला पेटीच नाही. शेलेंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली दाबाच्या दोन मर्यादा मांडल्या. खालच्या मर्यादेपेक्षा कमी दाबलं तर सूर फाटतो, वरच्या मर्यादेपेक्षा जास्त दाबलं तर करकर होते. भरीव दांड्यावर वरची मर्यादा जवळपास तीच राहते, पण खालची आणखी खाली जाते. म्हणजे हाताला मिळालेली जागा खालच्या बाजूने वाढली. डबल बेसची सवय घेऊन आलेला माणूस ही नवी जागा वापरतच नाही. तो पूर्वीइतकाच दाबतो, आवाज जाड आणि बधिर होतो, आणि मग दोष वाद्याला देतो.

मामा : मग सोपं झालं म्हण की.

भाची : सोपं नाही, उघडं झालं. ४१ वेळा हलणारी तार म्हणजे एका फेरीला जवळजवळ २४ मिलिसेकंद. पहिल्या चार फेऱ्या वाकड्या गेल्या की सेकंदाचा दहावा भाग नुसती खरखर. डबल बेसमध्ये त्यातली बरीचशी पेटीत आणि हॉलच्या हवेत विरून जाते, समोरच्याला गोल सूर पोचतो. पिकअप घोडीत बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू येतं, आणि साउंडवाला ते हजार माणसांना ऐकवतो. म्हणून गज आधी तारेवर टेकवून तार पकडून घ्यायची, तिचा ताण हाताला जाणवला की मगच ओढायचं. हवेतून गज आणून तारेवर टाकणं इथे चालत नाही.

मामा : ते कुठंच चालत नाही.

भाची : डबल बेसवर खपून जातं, मामा.

या मुद्द्यावर भाचीची बाजू भक्कम आहे असं मला वाटतं. क्नुट गेटलर हा नॉर्वेचा बेसवादक ध्वनिशास्त्राचाही अभ्यासक होता आणि त्याने आयुष्याचा मोठा भाग याच एका प्रश्नाला दिला: गज सुरू होताना पहिल्या फेरीपासूनच तार सरळ कशी चालेल? त्याचं उत्तर दाब आणि गजाचा वाढता वेग यांच्या मेळात आहे. जास्त दाबून सावकाश निघालं तर करकर होते, हलक्या हाताने झटकन निघालं तर फाटका आवाज येतो. जाड तारेवर ही मधली वाट फार अरुंद असते. साध्या डबल बेसवर ती चुकली तरी निभतं. इलेक्ट्रिकवर चुकली की मैदानाच्या टोकाला उभ्या माणसालाही कळतं. बेसवाल्यांनी हा भाग वर्षानुवर्षं हॉलच्या भरवशावर सोडला होता.

मामा : आणि उरलेली खरखर? ती मिक्सरवर कापणार ना? तुमची पोरं तेच करतात. तीन हजारांच्या वरचं सगळं खाली ओढायचं, झालं गोड.

भाची : थोडं कापावं लागतं.

मामा : किती थोडं? सूर सुरू होतानाचा तो घासल्याचा आवाज, त्यावरून तर कळतं की हे गजाचं वाद्य आहे. तो काढलास तर हार्मोनियमचा भाता आणि तुझा बेस यांत फरक काय राहिला? गायकाच्या तोंडातली व्यंजनं काढून नुसते स्वर ठेवलेस तर लावणीतला शब्द कळेल का कुणाला?

भाची : नाही कळणार.

मामा : मग?

भाची : मग कमी कापते. आणि पिकअप काय ऐकतो तेही बघते. नेड स्टाइनबर्गर यांच्या एनएस डिझाइनच्या बेसवर एक बटण असतं. तारेची आडवी हालचाल ऐकायची की उभी, ते त्याने ठरवता येतं. गज तार आडवी ओढतो. छेडताना उभी बाजू घेतली तर सूर लांबतो, गजाला आडवी घेतली तर घासणी आणि सूर दोन्ही नीट येतात. हे बटण नसलेल्या बेसवर मात्र हातानेच सगळं निस्तरावं लागतं. घोडीपासून अंगठाभर दूर जायचं, दाब कमी करायचा, वेग वाढवायचा.

मामांचा व्यंजनांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ध्वनिमुद्रणातून सुराची सुरुवात कापून टाकली तर जाणकारालाही वाद्य ओळखताना अडखळायला होतं, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे. गजाचा घासणारा आवाज हा मळ समजून धुऊन टाकणारे साउंडवाले मी पाहिले आहेत. तसं केल्यावर जे उरतं ते कीबोर्डवरच्या एका बटणातून फुकट मिळतं, आणि मग गज हातात धरण्याचे कष्ट घेण्याचं कारणच राहत नाही.

पुढचा वाद रियाजावरून होता.

मामा : माझं ऐक. वायर काढून रियाज कर. तारेचा कच्चा आवाज ऐक, तो खरा. स्पीकर लावला की खोटं मोठेपण येतं.

भाची : इथे मात्र मी ऐकणार नाही. वायर काढली की आवाज हातभर अंतरावरही धड पोचत नाही. मग कान हाताला सांगतो, जोरात. हात दाबायला लागतो. तासभर असा रियाज केला की तासभर चुकीचा दाब मुरतो, आणि रात्री मैदानात स्पीकर लागला की करकर. जे वाद्य स्पीकरमधून वाजणार त्याचा रियाज स्पीकर लावूनच व्हायला हवा. आवाज बारीक ठेवून, पण स्पीकरमधून.

मामा : आणि मैदानात स्पीकर असतो कुठं? वीस पावलांवर.

भाची : तीच खरी अडचण. बॉक्स १५ मीटर लांब असेल तर आवाज माझ्यापर्यंत यायला ४४ मिलिसेकंद लागतात. खालच्या तारेच्या जवळजवळ दोन फेऱ्या. गज आता सुरू केला आणि आवाज नंतर आला असं वाटतं. हात आपोआप लवकर निघतो, आणि ढोलकीच्या पुढे पळतो. म्हणून मला माझा छोटा मॉनिटर पायाशी लागतो. बोर्डावर तो मिळाला नाही तर मी गज काढतच नाही, छेडून वाजवते.

मामा : हे बरं केलंस.

दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली, ती मी सांगतो. पिएझो पिकअपची वायर थेट मिक्सरला लावली तर खर्ज नाहीसा होतो. पिकअपचा धारक-गुण एक नॅनोफॅरडच्या आसपास धरला आणि पुढच्या यंत्राचा आवक-रोध एक मेगाओम असला, तर सुमारे १६० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. म्हणजे बेसच्या चारही मोकळ्या तारांचे मूळ सूर त्यात गेले. दहा मेगाओमचा प्रीअँप मध्ये असला की ही सीमा १६ हर्ट्झपर्यंत खाली सरकते आणि खर्ज परत येतो. साध्या मिक्सरचा रोध तर एका मेगाओमहूनही कितीतरी कमी असतो. इलेक्ट्रिक बेसवर गज पातळ लागतो, नाकात बोलतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी हात बदलण्याआधी हा डबा बदलावा.

मामा : तू कुठल्या सुरात वाजवणार?

भाची : गाणाऱ्या बाईंची काळी चार.

मामा : तुझ्या तारा तर कुठल्याच काळी चारला लागत नाहीत. सगळा वेळ बोट दाबून सा धरणार? मोकळ्या तारेचा सा वेगळा, दाबलेला वेगळा.

भाची : चारही तारा अर्ध्या सुराने सरकवल्या आहेत. जाड दोन खाली उतरवल्या, बारीक दोन वर चढवल्या. आता ऐका, खालून वर: पंचम, षड्ज, पंचम, षड्ज.

मामा : (तारा छेडून बघतात) हां. तंबोराच झाला की.

भाची : तंबोरा छेडतात. मला हे गजाने धरायचं आहे. सा आणि वरचा पंचम एका गजात. घोडीची कमान फार चढी असेल तर दोन तारा एका वेळी धरताना जास्त दाबावं लागतं, म्हणून मी ती जरा बसकी घासून घेतली आहे.

मामा : आणि धरून करणार काय? हा माझा खरा प्रश्न आहे. तुमच्या त्या साहेबी संगीतात बेसला काम आहे, खालून चाल द्यायची. आपल्याकडं खालून चाल देणारं कोण आहे? ढोलकीची धुम आहे. ती एकदा घुमली की तिथं दुसऱ्याची गरज नाही. तू छेडून धम् करणार, ढोलकीवाला धुम करणार, आणि समोर सगळा काला.

भाची : म्हणूनच गज. छेडलेला बेस आणि ढोलकीची धुम एकाच क्षणी सुरू होतात, त्यामुळे एकमेकांवर पडतात. गजाच्या सुराला ठोका नाही. तो आधीपासून तिथे असतो, ढोलकी त्याच्यावर वाजते. मामा, तमाशात शाहिराच्या मागे कोण उभं असतं?

मामा : झीलकरी. तुणतुणंवाला.

भाची : ते काय करतात?

मामा : ओळ संपली की सूर खाली पडू देत नाहीत. शाहीर श्वास घेईपर्यंत ते जी जी करून सूर धरतात. पण झील वर असते, टिपेला. तू खाली धरणार.

भाची : खाली धरणारं कुणी नव्हतं कारण खाली धरता येईल असं वाद्य मैदानात ऐकूच गेलं नसतं. साधा डबल बेस हजार माणसांच्या गर्दीत ऐकू जाणार नाही, आणि माइक लावला तर त्याची पेटीच बॉक्सचा आवाज पकडून घुमायला लागते. पोट नसलेल्या बेसला ती भीती नाही.

मामा : गावातल्या बॉक्समधून तुझा तो खालचा पंचम निघतो तरी का?

भाची : मूळ सूर नाही निघत. तो ३८.९ हर्ट्झ आहे, आणि बहुतेक बॉक्स ४५च्या खाली हात टेकतात. पण गजाच्या सुरात वरचे उपस्वर भरगच्च असतात, आणि गज चालू आहे तोवर ते टिकतात. कान त्यांच्यावरून खालचा सूर मनातल्या मनात जुळवून घेतो. छेडलेल्या तारेचे उपस्वर लगेच मरतात, मग बॉक्समधून नुसता धप्पा येतो.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते इथे येऊन पोचतं. इलेक्ट्रिक बेसवर गज का चालवावा, या प्रश्नाला युरोपात आणि अमेरिकेत त्यांची उत्तरं आहेत. एबरहार्ट वेबर या जर्मन वादकाने १९७०च्या दशकात पाच तारांचा इलेक्ट्रिक उभा बेस गायल्यासारखा वाजवला, ते त्याच्या संगीताला शोभलं. आपल्याकडे या वाद्याला काम हवं असेल तर ते झीलकऱ्याचं आहे, सूर पडू न देण्याचं. आणि हे काम ठरलं की गजाचं तंत्रही त्यावरून ठरतं. मग चपळ, तुटक, उड्या मारणाऱ्या गजाचे सगळे धडे बाजूला ठेवायला हरकत नाही. एकच गोष्ट मुरवायची: लांब, सावकाश, हलका गज, आणि त्याचा न कळणारा पालट.

भाची : बेसच्या गजाचे केस ५५ सेंटिमीटरच्या आसपास, व्हायोलिनपेक्षा आखूड. सेकंदाला सात सेंटिमीटर या चालीने ओढला तर आठ सेकंद पुरतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर १६ मात्रा. धुमाळीची दोन आवर्तनं एका गजात. डबल बेसवर इतका सावकाश गज फार हलका ठेवता येत नाही. इथे येतो, कारण खालची मर्यादा उतरलेली आहे.

मामा : आणि पालटणार कधी? समेवर?

भाची : समेवर. ढोलकीच्या थापेखाली सांधा झाकला जातो.

मामा : चूक. समेवर सगळ्या मैदानाचा कान असतो. तिथं सूर अखंड पाहिजे. समेच्या आधीची जी जोराची थाप आहे ना, तिच्याखाली पालट. गज उलटला की समेला तो निम्म्या चालीवर आलेला पाहिजे. मी गायकांच्या मागं हेच केलं. आणि मनगटाने पालट, खांद्याने नको. पालटताना थांबू नको, आणि घाईही करू नको. पोरं सांधा लपवायला गज झटकतात, त्यानेच तो दिसतो.

भाची : (करून बघते) हे बरोबर येतंय.

मामा : थांब. हे काय ऐकू येतंय? तुझा सा हेलकावे खातोय.

भाची : हात स्थिर आहे माझा.

मामा : हात नाही. खाली अजून एक सूर आहे. जरासा उतरलेला.

तो सूर विजेचा होता. आपल्या वीजपुरवठ्याची कंपनं सेकंदाला ५० असतात, आणि अर्थिंग नीट नसेल तर बॉक्समधून तीच गुणगुण येते. काळी चारचा खर्जातला षड्ज ५१.९ हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे पडतात. बेस छेडला तर कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण सूर विरत जातो. आठ सेकंद गज धरला की ती गुणगुण सुराला खायला लागते. काळी पाचला हीच कटकट कमी होते, कारण दोन सूर लांब जातात. गावोगावच्या मैदानांत शेतीपंपांच्या लाइनवरून घेतलेली वीज, हेलकावणारा जनरेटर आणि ढिली अर्थिंग हे रोजचंच आहे. म्हणून अर्थ तोडायची सोय असलेला डीआय बॉक्स या वाद्यासोबत गजाइतकाच आवश्यक समजायला हवा. हे मी अगदी आग्रहाने लिहितो आहे, कारण चांगल्या हाताचे वादक या एका कारणाने बेसुरे ठरलेले मी ऐकले आहेत.

भाची : हलका हात, स्पीकरवर कान, मी इतकं सगळं बदललं. गज धरायची पद्धतसुद्धा बदलावी का, हे ठरत नाहीये. मी फ्रेंच पद्धतीने धरते, वरून, तुमच्या व्हायोलिनसारखा.

मामा : दुसरी कुठली आहे?

भाची : जर्मन. हात खालून, तळवा वर.

मामा : म्हणजे सारंगीसारखा. मग तोच धर. बालगंधर्वांच्या नाटकात कादरबक्षांची सारंगी गाण्याला सावलीसारखी असायची असं जुने लोक सांगत. गाण्याच्या मागं सूर लांबवणारे आपले सगळे हात खालूनच धरणारे. सारंगी झाली, दिलरुबा झाला.

भाची : पण तुम्ही स्वतः वरून धरत होता, आणि तरी गायकी वाजवली. डी. के. दातारांनी वरूनच धरून गळा वाजवला. सास्किया राव-द हास त्यांच्याकडे शिकल्या, त्यांनी चेलो भारतीय बैठकीसाठी बदलून घेतला, पाच तारा आणि खाली दहा तरफा. वाद्य बदललं तरी गज आपल्या सवयीचा राहू शकतो.

मामा : तरफा! बघ, त्या बाईंनीसुद्धा घुमायला काहीतरी ठेवलंच. तुझ्या दांड्यात घुमायला काहीही नाही, हे मी विसरणार नाही.

भाची : इसराजाला ग्रामोफोनचा भोंगा लावून तारशहनाई केली, तेव्हाही लोक असंच म्हणाले असतील. ‘पथेर पांचाली’त दक्षिणामोहन टागोरांनी ती वाजवली तर कुणाला खटकली?

मामा : भोंगा वाजवणाऱ्याच्या हाताशी होता, पोरी. तुझा भोंगा वीस पावलांवर आहे आणि त्याची बटणं तिसऱ्याच माणसाच्या हातात. सूर तुझा, ताबा त्याचा. ह्याचं उत्तर तुझ्याकडं नाही.

भाची : नाही. म्हणून साउंडवाला आमच्या संचातलाच असावा असं मी म्हणते. त्याला वादकाइतकेच पैसे द्यावेत.

यावर मामा काही बोलले नाहीत, आणि मलाही यापेक्षा चांगलं उत्तर सुचत नाही. पिकअप, तार, गज यांवर कितीही मेहनत घेतली तरी इलेक्ट्रिक वाद्याचं निम्मं पोट साउंडवाल्याच्या टेबलावर असतं. फडात ढोलकीवाला आणि पेटीवाला यांचं नाव पुकारलं जातं. टेबलावर बसलेल्या माणसाचंही पुकारलं जावं, आणि गण सुरू होण्याआधी त्याने बेसवादकासोबत नुसता एक सा अर्धा तास ऐकावा.

गजाच्या केसांना लावायच्या रोझिनबद्दल थोडक्यात. बेससाठी विकली जाणारी मऊ, चिकट रोझिन थंड देशांना बरी. शिरूर-दौंडच्या चैत्र-वैशाखात ती डबीतच ओघळते आणि गजाचे केस गोळा होऊन बसतात. इथे कडक रोझिन घ्यावी, थोडी लावावी. हलक्या गजाला तशीही कमी लागते, आणि मैदानातली धूळ चिकट केसांवर आधी बसते.

मामा : सगळा वेळ धरणार का खर्ज? सवाल-जवाबालासुद्धा?

भाची : गणाला धरेन. लावणीच्या सुरुवातीच्या संथ ओळींना धरेन. ढोलकी तोड्याला लागली की गज काढून छेडायला लागेन, तेही मोजकं.

मामा : गज काढल्यावर तार वाजत राहते तुझी. ऐकलं मी मघाशी. डबल बेसपेक्षा जास्त वेळ.

भाची : लाकूड शक्ती खात नाही म्हणून ती तारेतच राहते. त्यासाठी गज उचलायचा नाही, तारेवरच थांबवायचा, आणि डाव्या हाताची उरलेली बोटं तारेवर आडवी टाकायची. मग गज उचलायचा.

मामा : दोन वेळा करून दाखव. हां. आता लगेच छेड. गज कुठं ठेवलास?

भाची : हातातच. करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात अडकवून, दुसऱ्या दोन बोटांनी छेडते.

मामा : त्याने छेडणं लंगडं होतंय. बोट तिरकं पडतं.

भाची : डबल बेसला तारांच्या खाली चामड्याची म्यान बांधतात, तिथे गज खोचता येतो. याला खाली जागाच नाही.

मामा : तिपाईच्या उजव्या पायाला बांध. पण उभी नको, जरा पुढं कलती, म्हणजे न बघता हात जाईल. माप घे गजाचं. ढोलकीची वादी ओढणारा माणूस शिरूरच्या बाजारात आहे, त्याच्याकडून शिवून घेऊ.